निःस्वार्थ प्रेम नक्की कुणाचं? 'स्मृतिचित्रे' आणि 'अगापे'ची थिअरी

'स्मृतिचित्रे'वर प्रपोजल लिहिणाऱ्या दहा विद्यार्थ्यांपैकी निदान सहा-सात जण लक्ष्मीबाई टिळकांना 'त्यागमूर्ती' म्हणतात. त्यातले थोडे पुढचा टप्पा गाठतात, ख्रिस्ती धर्मशास्त्रातला 'अगापे' हा शब्द आणतात आणि लिहितात, "लक्ष्मीबाईंच्या सहजीवनात ख्रिस्ती निःस्वार्थ प्रेमाचा आदर्श दिसतो." वाक्य ऐकायला छान आहे. गाइडही फारसं अडवत नाहीत. पण हे वाक्य तपासायला घेतलं की त्याचे सांधे सुटू लागतात. प्रेम कुणाचं, त्याची किंमत कुणी मोजली, आणि 'निःस्वार्थ' म्हणजे आपण नेमकं काय म्हणतोय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या वाक्यात नसतात.

या पोस्टमध्ये मी दोन गोष्टींवर टीका करणार आहे. एक, निःस्वार्थ प्रेमाची जी थिअरी आपण सरळ उचलतो तिच्यावर. दोन, ती थिअरी मराठी टेक्स्टवर शिक्क्यासारखी मारण्याच्या आपल्या सवयीवर. पुस्तकावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याला आदर्शाच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगू नये असं वाटतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

नव्या करारात प्रेमासाठी सगळ्यात ठळक येणारा ग्रीक शब्द म्हणजे 'अगापे'. मराठी बायबलने त्यासाठी 'प्रीती' हा शब्द घेतला आणि मराठी ख्रिस्ती लेखनात तोच रुळला. आपण मात्र रिसर्च लिहिताना 'प्रीती' सोडून 'निःस्वार्थ प्रेम' लिहितो, आणि इथेच पहिला घोळ होतो.

मराठीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'निःस्वार्थ' म्हणजे स्वतःच्या फायद्यावर डोळा न ठेवता. 'निरपेक्ष' म्हणजे परतफेडीची अट न घालता. 'आत्मत्याग' म्हणजे स्वतःलाच बाजूला सारून. यातल्या पहिल्या दोन गोष्टी करायच्या तर करणारा माणूस शाबूत लागतो. तिसरीत तो माणूस कमी कमी होत जातो. फायदा सोडणं वेगळं आणि स्वतःला सोडणं वेगळं. 'स्वार्थ' हा शब्द मराठीत शिवीच्या जवळ गेलेला असल्यामुळे आपण हा फरक सहज विसरतो. मग ज्या बाईने कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही ती आपोआप 'निःस्वार्थ' ठरते. तिला मागण्याची मुभा तरी होती का, हे कुणी विचारत नाही.

नीग्रेन काय म्हणतो

या विषयात ज्याला टाळून पुढे जाता येत नाही तो म्हणजे स्वीडिश ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नीग्रेन. 'इरॉस आणि अगापे' हा त्याचा ग्रंथ 1930 आणि 1936 अशा दोन भागांत आला. त्याची मांडणी थोडक्यात अशी : इरॉस हे ओढीचं प्रेम. समोरच्यात काही मौल्यवान दिसतं, ते हवंसं वाटतं, म्हणून आपण त्याच्याकडे जातो. अगापे हे उतरणारं प्रेम. ते समोरच्याची लायकी बघत नाही. ते आपणहून सुरू होतं, ज्याच्यावर पडतं त्याला मोल देतं, आणि देव-माणूस नात्याची वाट देवाच्या बाजूने उघडतं.

इथपर्यंत मांडणी जबरदस्त आहे, आणि तिचा उपयोगही आहे. 'तू अशी वागलीस तर मी तुझ्यावर प्रेम करीन' या व्यवहाराला ती ठामपणे नकार देते. लग्नासारख्या लांब पल्ल्याच्या नात्यात हे फार महत्त्वाचं, कारण वीस वर्षांत माणूस आजारी पडतो, चिडचिडा होतो, त्याची नोकरी जाते. लायकीवर उभं असलेलं प्रेम तिथे टिकत नाही.

अडचण पुढे येते. नीग्रेनच्या चौकटीत स्वतःवरच्या प्रेमाला जागाच नाही. ल्यूथरच्या वळणाने जात तो ख्रिस्ती माणसाला जवळजवळ एखाद्या नळीसारखं पाहतो : वरून देवाची प्रीती येते आणि त्याच्यातून शेजाऱ्याकडे जाते. देवाबद्दल बोलायला ही प्रतिमा ठीक आहे. पण नवरा-बायको दोघंही माणसं आहेत. एकाच घरात एकजण कायम नळी आणि दुसरा कायम शेजारी असेल, तर त्याला प्रीती म्हणायचं की कामाची वाटणी?

सेव्हिंगचा आक्षेप

हा प्रश्न 1960 साली व्हॅलरी सेव्हिंगने उभा केला. शिकागोत धर्मशास्त्राची विद्यार्थिनी असताना लिहिलेला तिचा लेख, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या अवस्थेतला. आजही स्त्रीवादी धर्मशास्त्राचा इतिहास सांगताना बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात.

तिचा मुद्दा असा : ज्या धर्मशास्त्रज्ञांनी 'पाप म्हणजे अहंकार' आणि 'प्रेम म्हणजे अहं सोडणं' अशी व्याख्या केली, त्यांनी पुरुषाचा अनुभव हाच माणसाचा अनुभव धरला. ज्याच्याजवळ जास्त 'मी' आहे त्याला 'मी' सोडायला सांगणं हे औषध आहे. पण जिला लहानपणापासून स्वतःला पुसायलाच शिकवलं, तिचा धोका उलट्या बाजूचा आहे. तिचा 'मी' घडतच नाही. तिला तेच औषध दिलं तर दुखणं वाढतं.

पुढे जीन आउटकाने 1972 साली अगापेचा अर्थ 'समान आदर' असा लावला : शेजाऱ्याचं मोल माझ्याइतकंच, आणि माझंही त्याच्याइतकंच. निव्वळ आत्मत्यागाला प्रेम म्हटलं तर समोरच्याच्या हातात कोरा चेक दिल्यासारखं होतं, हा धोकाही त्याने ओळखला. बार्बरा अँडोल्सनने 1981 साली परस्परतेला मध्यभागी आणलं. तिच्या मते देणं-घेणं दोन्हीकडून होणं हीच प्रीतीची नेहमीची रीत, आणि एकतर्फी त्याग हा प्रसंगापुरता.

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना या चौघांना 'याने हे म्हटलं, तिने ते म्हटलं' अशा ओळीने उभं करू नका. त्यांच्यातलं भांडण दाखवा. भांडण असं आहे : त्याग हे प्रेमाचं सार आहे, की प्रेमाला कधीकधी मोजावी लागणारी किंमत? हे ठरल्याशिवाय 'स्मृतिचित्रे' उघडू नये.

1895 ते 1900 : वाट कुणी पाहिली?

आता टेक्स्ट. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई, पदरात लहान दत्तू, आणि नवरा दुसऱ्या धर्मात गेलेला. पुढची काही वर्षं त्या त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, त्यातला बराच काळ पंढरपूरला बहिणीच्या आधाराने. नंतर त्या टिळकांकडे आल्या, पण आपलं सोवळंओवळं सांभाळून, आपल्या अटींवर. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला 1900 साली.

नेहमीचं वाचन असं : पतीच्या मागे पत्नी गेली, हे तिचं निःस्वार्थ प्रेम. पण तारखा नीट बघा. ती मागे गेली नाही. मधली पाच वर्षं म्हणजे एक सलग 'नाही' आहे. आणि जेव्हा 'हो' आलं तेव्हा ते नवऱ्याच्या आग्रहाने आलेलं नाही. पुस्तकातला क्रम फार बोलका आहे : आधी त्यांच्या मनातून जात गेली, उच्चनीचपणा देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांना आपलं आपण पटलं, आणि धर्मांतर त्यानंतर. म्हणजे बाईंची वाट वेगळी होती, ती फक्त त्याच गावाला पोचली.

मग या काळात 'अगापे'सारखं काही असेल तर ते कुठे शोधायचं? माझ्या मते टिळकांच्या थांबण्यात. आणि हे थांबणं किती मोठं होतं ते कळायला तेव्हाचा कायदा माहीत हवा.

1866 साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला होता. तो फक्त ख्रिस्ती झालेल्यांसाठी होता. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्या कारणाने जोडीदाराने सलग सहा महिने नांदायला नकार दिला, तर ख्रिस्ती झालेल्या पक्षाला नांदवण्याचा दावा लावता येई. कोर्ट विचाराला एक वर्षाची मुदत देई, आणि तरीही नकार कायम राहिला तर लग्न मोडून दुसरं करता येई. शिवाय नांदायला येण्याचे दावे तेव्हा नुसते पुस्तकात नव्हते. रखमाबाईंचा खटला मुंबईत 1884 ते 1888 असा गाजलेला, आणि 1887 मध्ये कोर्टाने त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलेलं. 1895 साली ही आठवण ताजी होती.

टिळकांनी तो रस्ता धरला नाही. लग्न मोडलं नाही, दुसरं केलं नाही.

इथे बायबलमधला संदर्भही लावून बघा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल मिश्र लग्नांबद्दल लिहितो. त्याचा सल्ला असा की विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये, आणि तो वेगळा होत असेल तर होऊ द्यावा, कारण देवाने शांतीसाठी बोलावलं आहे. म्हणजे धर्मशास्त्राने आणि कायद्याने, दोन्हीकडून दार उघडं होतं. तरी टिळक दारात थांबले. समोरच्याचा 'नाही' पूर्ण ऐकून नातं न तोडणं : नीग्रेनची 'आपणहून सुरू होणारी, लायकी न बघणारी' प्रीती इथे खरी सापडते.

पण लगेच टिळकांना संत करू नका. ज्या निर्णयाने बायकोचं सगळं जग उलटंपालटं होणार होतं, तो त्यांनी तिच्या संमतीशिवाय घेतला. थांबण्याची वेळ ज्याने आणली तोच थांबला. आणि थांबण्याचा खर्च दोघांचा सारखा नव्हता. टिळकांना नवा समाज मिळाला होता, काम होतं, मान होता. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला लोकांची बोलणी आणि दुसऱ्याच्या घरातलं राहणं आलं. एकाच काळात प्रीती आणि अन्याय दोन्ही असू शकतात. चांगल्या चॅप्टरमध्ये दोन्ही दिसायला हवं.

शेजारी लांबचा आणि जवळचा

1900 नंतरचा भाग विद्यार्थी भराभर उलटतात, कारण 'नाट्य' संपलेलं असतं. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. टिकणारं नातं म्हणजे मोठे प्रसंग कमी आणि वाणसामान जास्त.

टिळक उदार. हातात पैसा आला की वाटून मोकळे. अनाथ पोरं घरी आणायची, पाहुणा कधीही यायचा. 1917 साली तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. शेजारप्रीतीचं याहून ठसठशीत उदाहरण कुठे मिळणार? पण त्या पोरांना जेवायला कोण घालत होतं? डब्यात पीठ नसताना पाहुण्याचं कोण बघत होतं? टिळकांच्या अगापेचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात लिहिला जात होता.

किर्केगार्डने 1847 साली 'प्रेमाची कृत्यं' या ग्रंथात एक साधी पण टोचणारी गोष्ट मांडली आहे : तुझी बायको ही सगळ्यात आधी तुझी 'शेजारी' आहे, बायकोपण नंतर. म्हणजे शेजाऱ्यावर प्रीती करायला घराबाहेर पडायच्या आधी घरातला शेजारी ओलांडून जाऊ नकोस. ही कसोटी लावली की टिळकांची प्रीती काही ठिकाणी कमी पडते. लांबच्या शेजाऱ्याला दिलेलं दान जवळच्या शेजाऱ्याला न विचारता तिच्या कष्टातून दिलेलं असतं, तेव्हा त्याला निःस्वार्थ कसं म्हणायचं? देणाऱ्याने स्वतःचं दिलेलंच नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवली तर आपण पुन्हा लक्ष्मीबाईंना बिचारी करून टाकतो. त्या नुसत्या ओढल्या गेल्या नाहीत. नगरच्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करायला त्या स्वतः पुढे झाल्या. लिहावाचायची फारशी तयारी नसलेली ही बाई कविता करू लागली. टिळकांचं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूमुळे, 1919 साली, अर्धवट राहिलं, आणि त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. ज्या प्रीतीत एकजण पुसला जातो तिच्यातून असं काम होत नाही. त्या नात्यात कुठेतरी बाईंचा 'मी' वाढतही होता. सेव्हिंगला हे उदाहरण मिळालं असतं तर तिला आपल्या मांडणीत एक कलम वाढवावं लागलं असतं.

विनोद हा पुरावा आहे

आता सोर्सबद्दल. हे सगळं आपण कुणाच्या तोंडून ऐकतोय? 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली, म्हणजे टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. लक्ष्मीबाई गेल्या 1936 साली. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आठवणी हव्या होत्या, आणि त्यातून हे पुस्तक जन्मलं. विधवेने, मुलासाठी, दिवंगत नवऱ्याबद्दल सांगितलेल्या आठवणी. अशा लेखनात कडवटपणा गाळला जाणं स्वाभाविक आहे. 'त्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे त्यांना त्रास नव्हता' असा निष्कर्ष काढणं म्हणजे कच्चं काम.

आणि खरं तर त्यांनी तक्रार केली आहे. फक्त ती विनोदात केली आहे. टिळकांचा राग, न सांगता घर सोडून जाणं, व्यवहारशून्यता, हे सगळं त्या सांगतात, हसत हसत आणि काहीही न झाकता. सोबत स्वतःलाही हसतात. शिक्षा करायची नाही पण खोटंही बोलायचं नाही, अशा जागेवर उभं राहून हे लिहिलेलं आहे. क्षमेचा अर्थ विसरणं नसून चूक नावाने ओळखून तिचा सूड न घेणं असा असेल, तर या विनोदाला धर्मशास्त्रीय वजन आहे. पूर्ण पुसल्या गेलेल्या बाईला नवऱ्याच्या चुका इतक्या स्वच्छ दिसल्या नसत्या. शांता गोखल्यांनी 2017 साली केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंना बाणेदार पत्नी म्हटलं आहे, त्याग करणारी नाही. त्या निवडीवरच कुणी एक छान पेपर लिहू शकेल.

'अधीन असा' कुठून वाचायचं?

ख्रिस्ती लग्नावर लिहिताना इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय येणारच. बहुतेक प्रपोजल्स बाविसाव्या वचनापासून सुरू होतात, जिथे पत्नींना पतीच्या अधीन राहायला सांगितलं आहे. एक वचन मागे जा. एकविसावं वचन सगळ्यांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं. आणि काही सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसाव्यातून घ्यावं लागतं. म्हणजे पत्नीचं अधीन असणं हे परस्परांच्या अधीन असण्याच्या वाक्यालाच लटकलेलं आहे. पुढे पतीला सांगितलेली अट तर जास्त अवघड आहे : ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं. याने तो उतारा आजच्या अर्थाने समतेचा होतो असं मी म्हणणार नाही. पतीला 'मस्तक' म्हणणारं वचन तिथेच आहे. पण उतारा कुठून कापला यावर अर्थ किती बदलतो हे तरी दिसतं.

हा वाद फक्त सेमिनारपुरता नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला 'प्रीती सर्व काही सहन करते' असं सांगून परत पाठवलं जातं, तेव्हा नीग्रेनची नळी आणि बाविसावं वचन दोन्ही कामाला लावलेलं असतं. आपण 'त्यागमूर्ती' हा शब्द पेपरमध्ये सहज लिहितो, तेव्हा त्या सल्ल्याला थोडं विद्वत्तेचं पाठबळ देत असतो. म्हणून शब्द जपून.

प्रपोजलसाठी

माझ्या वाचनातून टिकणाऱ्या निरपेक्ष प्रेमाच्या तीन कसोट्या निघतात. समोरच्याला 'नाही' म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर नातं शिल्लक राहतं का? त्यागाची वेळ येते तेव्हा ती आलटून पालटून येते, की कायम एकाच्याच दारात उभी असते? आणि चूक झाली तर ती मोठ्याने बोलता येते का? टिळक दांपत्य पहिल्या कसोटीत चांगलं उतरतं, दुसरीत टिळक बऱ्याचदा नापास होतात, तिसरीत लक्ष्मीबाई आपल्याला सगळ्यांना शिकवतात.

तुम्ही प्रपोजल लिहाल तेव्हा 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती निःस्वार्थ प्रेम' असं शीर्षक देऊ नका. त्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. त्याऐवजी प्रश्न विचारा : 'स्मृतिचित्रे'त प्रीतीची किंमत कोण, केव्हा आणि कुणाच्या संमतीने मोजतं? या प्रश्नाने टेक्स्टमधली पानं नव्याने उघडतात, थिअरीलाही टेक्स्टकडून उलटे प्रश्न विचारले जातात, आणि व्हायव्हात कुणी "मग यात नवीन काय?" असं विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं.